बाबा ४७ व्या वर्षी गेले, काका ५१ व्या, आता माझ्या रिपोर्टमध्ये ‘हाय रिस्क’ आलंय, भावाला सांगू का?

पत्र थोडक्यात: वाचक ३४ वर्षांची, नोकरी पुण्यात, माहेर सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, पाच वर्षांची एक मुलगी. बाबा ४७ व्या वर्षी पहाटे झोपेतच गेले. थोरले काका ५१ व्या वर्षी शेतातून घरी येताना कोसळले. पोस्टमॉर्टेम कुणाचंच झालं नाही, गावात दोघांचंही ‘अटॅक आला’ एवढंच सांगतात. ऑफिसमधल्या मैत्रिणींबरोबर तिनं ऑनलाइन थुंकीच्या टेस्टचं किट मागवलं आणि रिपोर्टमध्ये हृदयरोगाचा जनुकीय धोका ‘हाय’ असं लाल अक्षरात आलं, तेव्हापासून झोप उडालीय. भाऊ ३९ चा, गावी कृषी सेवा केंद्र चालवतो, दिवसभर तोंडात तंबाखू. टेस्टचं नाव काढलं की म्हणतो, ‘आपल्या घराण्यात पन्नाशी फारशी कुणी बघितली नाही, आधी कळून काय करायचंय’. आई म्हणते बायकांना हे होत नाही, तू कशाला डोक्यात घेतेस. दुसरं मूल दोघांनाही हवं होतं, पण आता तिला वाटतंय की हे असलं मुद्दाम पुढे कशाला द्यायचं. रिपोर्ट भावाला दाखवू का, सासरी सांगू का, माझं स्वतःचं काय, असे प्रश्न आहेत. ‘धाकटी बहीण समजून सांगा’ असं शेवटी लिहिलंय.

अगं, धाकटी बहीण समजून सांगा म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगंच करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पत्रभर तो रिपोर्ट आहे, त्यातला लाल रंग आहे, त्यातली टक्केवारी आहे, आणि बाबांचं वय एका ओळीत उरकलंयस. मला हे उलटं वाटतं. तुझ्या हृदयाबद्दल सगळ्यात महत्त्वाची माहिती त्या किटमध्ये नव्हती, ती तुला आधीपासूनच माहीत होती: बाबा ४७ व्या वर्षी गेले. डॉक्टर लोक वडील-भाऊ ५५ च्या आत किंवा आई-बहीण ६५ च्या आत हृदयरोगानं आजारी पडले किंवा गेले तर त्याला लवकरचा हृदयरोग म्हणतात आणि मुलांच्या बाबतीत तो वेगळा धोका धरतात. म्हणजे रिपोर्ट हिरव्या रंगात आला असता तरी मी तुला हेच सांगितलं असतं की तपासून घे.

हे घराण्याचं प्रकरण खरंच किती जीनचं आणि किती एकाच चुलीवरच्या खाण्याचं, एकाच व्यसनाचं, हा प्रश्न तुलाही पडला असणार. त्यावर स्वीडनमध्ये फार मोठं काम झालंय. तिथं जुळ्यांची देशव्यापी नोंद ठेवतात, त्यातल्या २१,००४ जणांवर २६ वर्षं लक्ष ठेवून १९९४ साली निष्कर्ष छापले गेले. एकसारखी जुळी म्हणजे जीन जवळपास शंभर टक्के सारखे, आणि बिनसारखी जुळी म्हणजे तू आणि तुझा भाऊ यांच्याइतकेच सारखे, पण घर, खाणं, बालपण दोन्ही प्रकारात एकच. एक पुरुष ५५ च्या आत कोरोनरी हृदयरोगानं, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याच्या आजारानं, गेला तर त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाला त्याच रोगानं मरण्याचा धोका ८.१ पट निघाला आणि बिनसारख्या जुळ्याला ३.८ पट. हा जो फरक आहे तो जीनचा. आणि माणूस जितका म्हातारा होऊन गेला तितका हा फरक विरत गेला, ऐंशीच्या पुढे आजोबा गेले तर त्यातून नातवाबद्दल फारसं काही कळत नाही, चाळिशीत गेले तर कळतं. म्हणून मी बाबांच्या वयाला धरून बसलेय.

आता आईचं म्हणणं. त्याच अभ्यासात बायकाही होत्या. एक बहीण ६५ च्या आत गेली तर तिच्या एकसारख्या जुळ्या बहिणीला धोका १५ पट होता, बिनसारखीला २.६ पट. आई प्रेमानंच म्हणतेय, पण बायकांना हे होत नाही ही समजूत आपल्याकडे फार महागात पडते. बायकांना होतं, साधारणपणे पाळी गेल्यावर, पुरुषांपेक्षा जरा उशिरा होतं, आणि झालं तरी पुष्कळदा ओळखू येत नाही कारण छातीतल्या कळेबरोबर किंवा कधी कळेशिवायच धाप लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, विचित्र थकवा असं काहीतरी होतं आणि घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल, जेवली नाहीस का वेळेवर. पहिल्या बाळंतपणात तुझं बीपी वाढलं होतं का किंवा शुगर निघाली होती का, हे तू लिहिलं नाहीस. तसं झालं असेल तर डॉक्टरला आवर्जून सांग, कारण त्या बायकांना पुढे हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते आणि आपल्याकडे बाळ झालं की ती फाइल कपाटात जाते ती जातेच.

त्या पट-पटीनं घाबरू मात्र नकोस. चाळिशीतल्या माणसाचा मुळातला धोकाच लहान असतो, लहान आकड्याच्या आठ पट म्हणजे नक्की मरण नव्हे. त्याच जुळ्यांवर पुढे ३६ वर्षांपर्यंतचा हिशोब झाला तेव्हा कोरोनरी रोगानं होणाऱ्या मृत्यूत आनुवंशिकतेचा वाटा पुरुषांत ५७ टक्के आणि बायकांत ३८ टक्के निघाला. हा आकडा लोक हमखास चुकीचा वाचतात. तुझ्या मरणातलं ३८ टक्के लिहून ठेवलंय असा त्याचा अर्थ नाही. स्वीडनमधल्या त्या माणसांमाणसांत जो फरक पडला त्यातला इतका भाग जीनमुळे, एवढाच. एका माणसाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

आता तुझा रिपोर्ट. आपल्या जीनमध्ये एकेका अक्षराचे बारीक फरक लाखो ठिकाणी असतात, त्यातल्या काही जागा हृदयरोगाशी जोडलेल्या आहेत, नवव्या क्रोमोसोमवरची एक जागा २००७ मध्ये सापडली ती सगळ्यात गाजलेली. प्रत्येक जागा धोका अगदी थोडा वाढवते किंवा कमी करते, अशा पुष्कळ जागांची बेरीज करून तो स्कोर काढतात आणि तू रांगेत कुठं उभी आहेस ते सांगतात. हे स्कोर मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांच्या माहितीवरून बनलेत, आपल्या लोकांवर ते तितके नेमके बसत नाहीत. आणि अशा स्वस्त किटमध्ये घराण्यात चालणारे मोठे, दुर्मिळ बिघाड नीट वाचलेच जात नाहीत. म्हणजे तुझ्याबाबतीत जे शोधायला हवं तेच त्यात बहुधा शोधलेलं नाही. कुणाशी बोलायची सोय न करता असा लाल रिपोर्ट मोबाइलवर पाठवून द्यायचा हा प्रकार मला अजिबात पटत नाही, तुझ्यासारख्या किती मुली रात्र-रात्र जागत असतील.

भावाला तो दाखवू का? नको. कारण तो त्याचा रिपोर्टच नाही. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मे जीन सारखे असतात, बाकीची वाटणी प्रत्येक वेळी वेगळी होते, तुझा स्कोर हाय तर त्याचा कमीही असू शकतो आणि तुझ्यापेक्षा जास्तही. तू दाखवशील आणि तो म्हणेल ‘बघ, मी म्हणालोच होतो’, नशिबावरचा त्याचा विश्वास आणखी पक्का होईल. बाबा मात्र दोघांचे होते. बोलायचं ते त्यांच्यावरून बोल.

घराण्यात चालणारे मोठे बिघाड म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्ही दोघांनी तपासायचं ते हेच आहे. पहिला, जन्मापासून वाढलेलं कोलेस्टेरॉल. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, ते लिव्हर ओढून घेतं, त्यासाठी जो दरवाजा लागतो त्याच्या जीनमध्येच बिघाड असतो, मग माणूस सडपातळ असो, शाकाहारी असो, माळकरी असो, एलडीएल लहानपणापासून वरच. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतं, म्हणजे तुझ्या माहेरच्या गावातही दोन-चार जण असतील आणि त्यांना माहीत नसेल. उपचार न केलेल्या अशा पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयरोग गाठतो, बायकांपैकी साधारण तीस टक्क्यांना साठीच्या आत. आई-बापापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. ‘घराण्यात पन्नाशी कुणी बघितली नाही’ हे वाक्य ऐकलं की मला आधी हेच आठवतं, आणि यातली सगळ्यात चांगली बाजू ही की हे साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं आणि रोजच्या गोळीनं आटोक्यात येतं. औषध न घेता एलडीएल १९० च्या वर असेल तर डॉक्टर याचा विचार करतात. बाबांच्या टाचेमागची शीर जाडजूड, गाठाळलेली होती का, डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडं होतं का, जुने फोटो काढून आईला विचार.

दुसरं, लायपोप्रोटीन ए, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. लॅबमध्ये एलपी(ए) म्हणून मागायचं. हे जवळपास पूर्णपणे जीनवर ठरतं, खाण्यानं-चालण्यानं फारसं हलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो, आणि आपल्या देशात साधारण चारात एकाचं तसं असतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीत, हे येत नाही, वेगळं सांगावं लागतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ च्या सूचनांमध्ये हे एकदा तरी मोजा असं म्हटलंय, आणि पहिलं लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षी, घरात लवकर कुणी गेलं असेल तर त्याआधीच करा असंही. तू ३४ ची, भाऊ ३९ चा, दोघांचं एकदाही झालेलं नाही असं पत्रावरून दिसतंय.

तिसरी गोष्ट बाबा झोपेत गेले आणि काका चालता-चालता पडले म्हणून सांगतेय. आपल्याकडे अचानक गेलेल्या माणसाला सरसकट अटॅक म्हणतात, पण ब्लॉकेजशिवायही हृदय थांबतं, स्नायू जाड झालेला असतो किंवा ठोक्यांची लय बिघडते, आणि यातले बरेच प्रकार घराण्यात चालतात. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रोटीनच्या जीनमधली २५ अक्षरं भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत गायब असतात आणि अशा लोकांत पुढच्या वयात हार्ट फेल्युअरचं, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडण्याचं, प्रमाण जास्त दिसतं. हा फरक असलेले सगळे आजारी पडतात असं अजिबात नाही, पुष्कळांचं आयुष्य व्यवस्थित जातं. पण म्हणूनच तुम्हा दोघांचा ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) एकदा व्हायला हवा, आणि आईशी बसून विचारायला हवं: बाबांना जिना चढताना धाप लागायची का, कधी चक्कर येऊन पडले होते का, छातीत दाबल्यासारखं व्हायचं का, तालुक्याच्या डॉक्टरकडचे जुने कागद कुठं आहेत का. काकांच्या मुलांनाही विचार, त्यांचेही वडील गेलेत. हे सगळं एका कागदावर लिही, कोण, कितव्या वर्षी, कशानं, आणि तो कागद घेऊन एमडी किंवा हार्टच्या डॉक्टरकडे जा. नेमकी कुठली जीन टेस्ट करायची, करायची तरी का, हे त्या कागदावरून आणि तपासण्यांवरून ते ठरवतील. तीच खरी जीन टेस्ट, आणि तिच्यात काही सापडलं तर तेवढंच भावाकडे आणि चुलत भावंडांकडे शोधता येतं.

मग तुझा तो स्कोर अगदी फेकून द्यायचा का, तर तसंही नाही. तो बरोबर आहे असं धरून चाल, तरी काय होतं ते बघ. २०१६ मध्ये पंचावन्न हजारांहून जास्त लोकांवरचं एक काम छापून आलं. ज्यांचा जनुकीय धोका सगळ्यात वरच्या गटात होता त्यांच्यात सगळ्यात खालच्या गटापेक्षा हृदयरोगाच्या घटना ९१ टक्के जास्त होत्या. पण त्याच वरच्या गटात जे सिगारेट ओढत नव्हते, लठ्ठ नव्हते, आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करत होते आणि बरं खात होते, या चारांतल्या निदान तीन गोष्टी ज्यांच्या जमलेल्या होत्या, त्यांचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के कमी होता. त्यात धरलेल्या एका अभ्यासात तर याच वरच्या गटाचा दहा वर्षांतला धोका १०.७ टक्क्यांऐवजी ५.१ टक्के दिसतो. जीन तेच, बियाणं तेच पण रान आणि पाणी वेगळं, हे दुकानात बसणाऱ्या तुझ्या भावाला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

भावाबद्दल थोडं जास्त बोलते. ‘आधी कळून काय करायचंय’ म्हणणारा माणूस बेफिकीर असतो असं मला वाटत नाही, तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो. बाबा गेले तेव्हा तो साधारण कितीचा होता ते तूच जाणतेस, घर त्याच्यावर पडलं असणार. त्याला वाटतंय की तपासलं की काहीतरी निघणार आणि निघालं की संपलं, निघाल्यावर करण्यासारखं काही असतं हेच त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे तू त्याला ‘तुला धोका आहे’ असं सांगू नकोस, ‘मी माझं करून घेतेय, एकटीनं जायला नको वाटतं, तू चल’ असं सांग, आणि सांगलीला किंवा मिरजेला दोघांचं रक्त एकाच दिवशी द्या. वहिनीला आधी विश्वासात घे, आईसमोर हा विषय काढू नकोस. पहिल्या फोनला तो नाही म्हणेल. हरकत नाही. तुझा रिपोर्ट आला की पुन्हा फोन कर, त्यात एलडीएल किंवा एलपी(ए) वर निघालं असेल तर आता त्याला सांगण्यासारखं काहीतरी ठोस तुझ्या हातात असेल.

तंबाखूचं मात्र स्पष्ट बोल. ‘मी कुठं सिगारेट ओढतो’ असं तो म्हणेलच. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला होता. त्याच अभ्यासात हेही दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतल्यांपेक्षा जवळजवळ सहा वर्षं आधी, आणि त्याचं बरंचसं कारण तंबाखू, कोलेस्टेरॉल, शुगर असल्या बदलता येण्यासारख्या गोष्टींत सापडलं. बाबा आणि काका दोघंही तंबाखू खायचे का? खात असतील तर ‘घराण्याचं’ म्हणून तुम्ही जे धरून बसलाय त्यातलं किती रक्तातलं आणि किती चंचीतलं, हे आज कुणालाच वेगळं काढता येणार नाही, पण चंचीतलं सोडता येतं. एका दिवसात सुटणार नाही, सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडायला मदत मिळते, तिकडे ने. आणि वहिनीला एवढं पक्कं सांगून ठेव की छातीत दाब, घाम, धाप असं काही झालं तर सोडा-लिंबू देत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

विम्याची भीती तू ओझरती लिहिलीस. दिल्ली हायकोर्टानं २०१८ मध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराच्याच एका केसमध्ये सांगितलं होतं की आजार जनुकीय आहे एवढ्यावरून आरोग्य विम्याचा दावा नाकारता येत नाही. फॉर्ममध्ये विचारलेलं खरं लिही, फॅमिली हिस्ट्री लपवू नकोस, लपवलेलं नंतर अंगाशी येतं.

आणि दुसरं मूल. ‘असलं मुद्दाम पुढे द्यायचं का’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. तुझ्या बाबांनीही तुला हेच दिलं असेल कदाचित, म्हणून तू जन्मायला नको होतीस का गं? स्कोरमधल्या त्या बारीक फरकांची बाळाच्या वेळी पुन्हा नवी वाटणी होते, अर्धी नवऱ्याकडून येते. एकच मोठा बिघाड निघालाच तर शक्यता निम्मी, आणि कोलेस्टेरॉलचा असेल तर लहानपणीच ओळखून उपचार करता येतो. जीनमुळे वाईटच होतं असंही नाही. पीसीएसके९ नावाच्या जीनमधला एक फरक कोलेस्टेरॉल फार वाढवतो हे २००३ मध्ये फ्रान्समधल्या कुटुंबांत सापडलं, आणि २००६ मध्ये अमेरिकेत उलट प्रकारची माणसं दिसली, हाच जीन बंद पडलेली कृष्णवर्णीय माणसं, ज्यांचं एलडीएल जन्मभर २८ टक्के कमी आणि कोरोनरी रोग ८८ टक्के कमी. ती माणसं बघूनच तो जीन औषधानं दाबायची इंजेक्शनं निघाली, २०१५ पासून वापरात आहेत. तुझी मुलगी मोठी होईल तोवर आणखी काय काय आलेलं असेल.

फक्त क्रम महत्त्वाचा आहे. दिवस राहण्याच्या आधी तुझ्या तपासण्या होऊ देत, कारण कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनच्या गोळ्या चालू कराव्या लागल्या तर मूल हवंय म्हटल्यावर डॉक्टर त्या सहसा थांबवतात, कधी थांबवायच्या आणि परत कधी सुरू करायच्या हे आधी ठरवून घेतलेलं बरं. तुझं एलडीएल फार वर निघालं तर मुलीचंही रक्त तपासायचं का ते तिच्या डॉक्टरांना विचार, नाहीतर नऊ ते अकरा वर्षांच्या दरम्यान एकदा करून घे. सासूबाईंना आत्ताच काही सांगायची गरज मला दिसत नाही, सांगण्यासारखं अजून काही निघालेलंच नाही. नवऱ्याला मात्र आजच सगळं सांग, रिपोर्टसकट, आणि रक्त द्यायला जाशील तेव्हा रजा टाकायला लाव.